'स्टोरेज भरलंय' म्हणून घाईने फोटो उडवू नका

एका ताईंचा प्रश्न आला आहे. तो थोडक्यात असा: "जीमेल रोज सांगतंय की १५ जीबी जागा भरत आली, लवकरच मेल येणं बंद होईल. माझ्या फोटोंमध्ये मुलीचं बारसं आहे, शाळेचा पहिला दिवस आहे आणि वडिलांची शेवटची दोन वर्षं आहेत. वडील गेल्या वर्षी गेले, त्यांच्या फोनमध्येही बरेच फोटो आहेत. मिस्टर म्हणतात जुने फोटो डिलीट कर. भाऊ म्हणतो महिन्याचे पैसे भर आणि मोकळी हो. पुतण्या म्हणतो ऑनलाइन दोन टीबीचा पेनड्राइव्ह पाचशे रुपयांत मिळतोय, तो घे. काय करू?"

ताई, आधी एवढंच करा की या आठवड्यात काहीही डिलीट करू नका. मी बरीच वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि गेलेला डेटा परत काढून देण्याचं काम करतोय. पूर्वी माझ्याकडे लोक बंद पडलेल्या हार्डडिस्क घेऊन यायचे. आता त्यांच्या जोडीला 'जागा करायला म्हणून डिलीट केले आणि सगळीकडूनच गेले' असं सांगणारेही येतात. बंद पडलेल्या हार्डडिस्कमधून पुष्कळदा काही ना काही निघतं. क्लाउडवरून, म्हणजे इंटरनेटवर कंपनीने दिलेल्या जागेतून, कायमचं पुसलं गेलेलं मात्र माझ्यासारख्या कुणाच्याच हाती लागत नाही.

आता ही १५ जीबी म्हणजे नेमकं काय ते बघू. ती एकट्या फोटोंची नाही. जीमेल, गुगल ड्राइव्ह (फाइल्स ठेवायची जागा) आणि गुगल फोटोज या गुगलच्या तिन्ही सेवांत मिळून ती आहे. त्यात २०२४ पासून अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही धरला जातो, आधी तो मोजला जात नसे. म्हणून गुगल खात्याच्या स्टोरेजच्या पानावर जाऊन कशाने किती जागा खाल्ली ते आधी वाचा. मी पाहिलेल्या बहुतेक खात्यांत व्हॉट्सॲपचा बॅकअप पहिल्या दोनांत असतो. सोसायटीच्या, शाळेच्या, भिशीच्या ग्रुपवर आलेले व्हिडिओ त्यात मुकाट जाऊन बसतात. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'चॅट्स', त्यात 'चॅट बॅकअप' आणि तिथे 'इन्क्लूड व्हिडिओज' हे बटण आहे. ते बंद करा आणि एकदा नवा बॅकअप घ्या. काही जणांच्या गुगल फोटोजमध्ये व्हॉट्सॲपच्या फोटोंचं फोल्डरही बॅकअपला लावलेलं असतं. म्हणजे सुप्रभातचा तोच फोटो त्याच १५ जीबीत दोनदा मोजला जातो. ते फोल्डरही बॅकअपमधून काढा.

तुमच्या मिस्टरांना एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती फार कमी लोकांना ठाऊक असते. गुगल फोटोज मे २०१५ मध्ये आलं, तेव्हा 'हाय क्वालिटी'त ठेवलेले फोटो अमर्याद आणि फुकट होते. फोटो १६ मेगापिक्सेलपर्यंत आणि व्हिडिओ १०८०पी (फुल एचडी) पर्यंत लहान करून ठेवायचे, एवढीच अट होती. ही सवलत १ जून २०२१ ला बंद झाली. पण त्याआधी त्या प्रकारात चढलेले फोटो आजही १५ जीबीत मोजले जात नाहीत. म्हणजे मुलीचं बारसं २०१८ चं असेल आणि तेव्हा तुमचं सेटिंग 'हाय क्वालिटी' असेल, तर ते फोटो उडवून तुम्हाला एक एमबीही जागा मिळणार नाही. फोटो जातील आणि सूचना तशीच येत राहील. 'आधी जुने उडवा' हा घरोघरी मिळणारा सल्ला याच कारणाने उलटा पडतो.

जागा खातात ते मुख्यतः व्हिडिओ. १०८०पीच्या एका मिनिटाला साधारण साठ ते सव्वाशे एमबी लागतात, त्याहून बारीक ४के चित्रण असेल तर दोन-चारशेसुद्धा. स्नेहसंमेलनातला पंधरा मिनिटांचा नाच ४केमध्ये घेतला तर एकट्या त्या व्हिडिओने तुमच्या १५ जीबीचा चांगला लचका तोडला म्हणून समजा. फोटोजमध्ये मोठ्या फाइल्स, धूसर फोटो आणि स्क्रीनशॉट वेगळे काढून दाखवणारी सोय आहे, साफसफाई तिथून सुरू करा. मेलमध्ये बँकांची स्टेटमेंट आणि मोठी अटॅचमेंट चाळा. 'रिकव्हर स्टोरेज' किंवा तशा नावाचं एक बटण दिसेल. ते मूळ दर्जाचे फोटो लहान करून जागा देतं आणि ते पुन्हा मूळ आकारात आणता येत नाहीत. मूळ प्रती घरात उतरवून घेईपर्यंत त्याला हात लावू नका.

लोक सगळ्यात जास्त फसतात ते बॅकअप (वेगळी जपलेली प्रत) आणि सिंक (एकीकडे केलेला बदल सगळीकडे होणं) यांतल्या फरकात. गुगल फोटोज 'बॅकअप चालू आहे' असं म्हणतं, म्हणून आपण समजतो की फोनमध्ये एक प्रत आहे आणि तिकडे दुसरी. प्रत्यक्षात ॲपमध्ये एखादा फोटो निवडून डिलीट केलात तर तो फोनमधूनही जातो, गुगलवरूनही जातो आणि त्याच खात्यावर चालणाऱ्या टॅबलेटमधूनही जातो. बॅकअप झालेला फोटो साठ दिवस ट्रॅशमध्ये राहतो, मग कायमचा जातो. आयफोनवर आयक्लाउड फोटोजचंही असंच आहे, फक्त मुदत तीस दिवसांची. फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर 'फ्री अप स्पेस' हा वेगळा पर्याय आहे. तो फोनमधल्या प्रती काढतो आणि क्लाउडवरच्या ठेवतो. पण तो वापरलात की फोनमध्ये मूळ फोटो उरत नाहीत, एकच प्रत राहते आणि तीही दुसऱ्याच्या जागेत. आयफोनचं 'ऑप्टिमाइझ स्टोरेज' चालू असेल तरी हेच होतं. फोनमध्ये लहान प्रती राहतात, मूळ आयक्लाउडवर जातात. केबल लावून फोन कॉम्प्युटरला जोडला तरी सगळे मूळ फोटो मिळत नाहीत, आणि हे लोकांना फोन विकताना कळतं.

त्या दुसऱ्याच्या जागेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. क्लाउड ही भाड्याची खोली आहे. चांगली, सुरक्षित, सोयीची, पण भाड्याची. आणि मालक अटी बदलतो. जीमेल १ एप्रिल २००४ ला आलं तेव्हा हॉटमेल दोन एमबी आणि याहू चार एमबी देत होतं, त्यात गुगलने एक जीबी दिली. लोक हरखून गेले, ते साहजिकच होतं. पुढची वीस वर्षं त्याच वळणाने गेली. आधी भरपूर फुकट, मग सवय, मग मर्यादा. मायक्रोसॉफ्टने वनड्राइव्ह या आपल्या क्लाउडवर ऑफिसच्या ग्राहकांना अमर्याद जागा जाहीर केली आणि २०१५ मध्ये मागे घेतली, पुढे फुकटची १५ जीबी पाचवर आणली. फ्लिकर या फोटोंच्या साइटने २०१३ मध्ये एक टीबी फुकट दिली आणि २०१८ मध्ये फुकट खात्यांना हजार फोटोंची मर्यादा जाहीर केली. आपल्याकडे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि ज्यांनी कधी कॉम्प्युटरला हात लावला नव्हता त्यांचेही फोटो आपोआप वर चढू लागले. ती पिढी आता १५ जीबीच्या भिंतीला येऊन टेकली आहे. यात कुणी फसवलं असं मी म्हणत नाही. हार्डडिस्क, वीज, माणसं यांना पैसे लागतातच. पण ही चाल ओळखीची आहे आणि ती धरूनच आपण ठरवायला हवं.

सेवा बंदही होतात. गुगलची ऑर्कुट ही सोशल साइट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाली. कॉलेजातल्या मित्रांनी लिहिलेले स्क्रॅप आणि टेस्टिमोनियल वेळेत उतरवून घेतलेले लोक मला फार थोडे भेटले. फोटोंसाठीचं पिकासा गुगलने २०१६ मध्ये आवरलं, गुगल प्लस ही सोशल साइट एप्रिल २०१९ मध्ये. मायस्पेस या सोशल साइटने २०१९ मध्ये कबूल केलं की सर्व्हर हलवताना बारा वर्षांतली लोकांनी चढवलेली गाणी आणि फोटो गेले. या सगळ्या बड्या कंपन्यांच्या सेवा होत्या.

आणि कधी सेवा चालू असते, पण आपल्यालाच दार बंद होतं. २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका वडिलांची हकीकत छापली होती. आजारी मुलाचा फोटो त्यांनी डॉक्टरांना दाखवायला काढला, तो आपोआप वर चढला, यंत्रणेने तो गैर ठरवला आणि खातं बंद झालं. पोलिसांनी चौकशी करून त्यांना निर्दोष ठरवलं, तरी गुगलने खातं परत दिलं नाही. वर्षानुवर्षांचे फोटो आणि मेल गेले. आपल्याकडे यापेक्षा साधी कारणं असतात. नंबर बदलला, जुनं सिम बंद पडलं, पासवर्ड आठवत नाही आणि ओटीपी जातोय जुन्याच नंबरवर. माझ्याकडे असे लोक हात जोडून येतात आणि मला काहीही करता येत नाही.

म्हणून तुमच्या वडिलांच्या फोनचं काम तुमच्या १५ जीबीच्याही आधी करा. वापरात नसलेलं वैयक्तिक खातं दोन वर्षांनी हटवण्याचं धोरण गुगलने मे २०२३ मध्ये जाहीर केलं आणि डिसेंबर २०२३ पासून ते लागू आहे. वडील जाऊन वर्ष झालं म्हणता, म्हणजे अजून वेळ आहे, पण फार नाही. फोन चालू होत असेल, त्याचा पॅटर्न घरात कुणाला माहीत असेल, तर तो चार्ज करा, वायफायला जोडा आणि आतले फोटो केबलने कॉम्प्युटरवर घ्या. फोन रीसेट करू नका, आणि तो फक्त पडून आहे म्हणून कुणा नातेवाइकाच्या मुलाला देऊन टाकू नका. सिम रिचार्ज करून चालू ठेवा, कारण बंद पडलेला नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो आणि मग ओटीपी तिसऱ्याच माणसाच्या हातात जातो. खात्यात शिरताच येत नसेल तर मृत व्यक्तीच्या खात्यासाठी गुगलचा वेगळा अर्ज आहे. मृत्यूचा दाखला लागतो, निर्णय त्यांच्या हातात असतो आणि पासवर्ड ते कधीच देत नाहीत. फोन हाताशी असताना काम करून घेणं केव्हाही सोपं. स्वतःसाठीही आत्ताच 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' लावून ठेवा. तुम्ही ठरावीक महिने खातं उघडलं नाही तर कुणाला कळवायचं आणि काय सोपवायचं, हे त्यात आधीच लिहून ठेवता येतं.

व्हॉट्सॲपवर पाठवलेत म्हणजे फोटो जपले, हा समज मला सगळ्यात जास्त सलतो. घरात कुणी गेलं की दहाव्या-बाराव्याच्या आत हार घालायला फोटो मोठा करून हवा असतो. लोक फोटो स्टुडिओत जातात, फोनमधला छानसा हसरा फोटो दाखवतात, आणि स्टुडिओवाला पहिला प्रश्न विचारतो, "ओरिजिनल आहे का?" कारण त्याला फाइलचं नाव दिसतं, मध्ये तारीख आणि पुढे 'डब्ल्यूए' ही अक्षरं. म्हणजे फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला. साध्या बारा मेगापिक्सेलच्या फोनचा मूळ फोटो ४००० बाय ३००० ठिपक्यांचा असतो. व्हॉट्सॲपने नेहमीच्या पद्धतीने पाठवला की तो साधारण १६०० बाय १२०० उरतो, म्हणजे सहावा हिस्सा. छपाईला इंचाला तीनशे ठिपके धरले तर तो जेमतेम पाच इंच रुंद छापता येतो. भिंतीवरच्या फ्रेमसाठी ताणला की चेहरा मेणासारखा गुळगुळीत दिसतो. शिवाय फोटो कधी आणि कुठे काढला ही फाइलमधली नोंदही वाटेत गळून जाते. नावात राहते ती तारीख व्हॉट्सॲपवर आल्याची. २००९ चा फोटो काकांनी काल पाठवला तर तो कालचाच होऊन बसतो. लग्नाचे, बारशाचे फोटो नातेवाइकांकडून मागवताना 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' एवढं आवर्जून सांगा. तसं केलं की फाइल जशीच्या तशी येते. एचडीचा पर्यायही २०२३ पासून आहे. तो नेहमीच्यापेक्षा बरा, पण मूळ फाइल तो देत नाही.

आता घरात प्रत कशी आणायची ते सांगतो. गुगलची 'टेकआउट' नावाची सोय आहे, तिच्यातून सगळे फोटो एकदम मागवता येतात. मागताना फक्त फोटोजवर खूण ठेवा, बाकीच्या काढा. फाइलचा आकार विचारला की दोन जीबीऐवजी दहा निवडा, नाहीतर ढिगाने झिप (एकत्र बांधलेल्या) फाइल्स उतरवत बसावं लागतं. काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी, मेलवर लिंक येते आणि ती आठवडाभरच चालते. म्हणून घरात वायफाय नीट असेल आणि दोन संध्याकाळी मोकळ्या असतील तेव्हाच मागणी टाका. मोबाइलवर उतरवू नका, लॅपटॉपच हवा. झिप उघडताना तेवढीच जागा आणखी लागते हेही धरून चला. प्रत्येक फोटोजवळ जेसन प्रकारची एक छोटी फाइल दिसेल. ती कचरा समजून काढू नका. फोटोजमध्ये तुम्ही हाताने दुरुस्त केलेल्या तारखा आणि लिहिलेली वर्णनं तिच्यात असतात. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोची तारीख सहसा फाइलच्या आतच असते, त्यामुळे कॉम्प्युटरवर सगळ्यांना आजची तारीख दिसली तरी घाबरू नका. 'डेट टेकन'ने लावून बघा, बहुतेक फोटो रांगेत येतील.

पुतण्याचा पाचशे रुपयांचा दोन टीबी पेनड्राइव्ह नको, अजिबात नको. त्या किमतीत तेवढी जागा बनतच नाही. आतमध्ये थोडीशी चिप असते आणि तिच्या प्रणालीत खोटा आकार भरलेला असतो. कॉम्प्युटरला लावला की दोन टीबी दिसतं, फोटो कॉपी होतात, फोल्डरमध्ये नावंही दिसतात. खरी जागा संपल्यावर पुढचा डेटा एकतर आधीच्या डेटावर लिहिला जातो किंवा कुठेच जात नाही. सहा महिन्यांनी फोटो उघडायला गेलं की अर्धा करडा पट्टा दिसतो किंवा फाइल उघडतच नाही. अशा पेनड्राइव्हमधून परत काढायला काही नसतंच, कारण फोटो त्यात कधी लिहिलेच गेले नव्हते.

ओळखीच्या कंपनीची, बिलासह, एक टीबीची बाहेरून लावायची साधी हार्डडिस्क घ्या. एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारा प्रकार) वेगवान असतो, धक्का सहन करतो, पण वर्षानुवर्षं विजेविना कपाटात ठेवायला मी तो सुचवत नाही. हार्डडिस्क दोन घ्या. एकीला कधी ना कधी काहीतरी होणारच. विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालायला हवी असेल तर रिकामी असतानाच एक्सफॅट फॉरमॅट करून घ्या. फोल्डर वर्षाप्रमाणे आणि आत प्रसंगाप्रमाणे लावलंत तर पुरे, फार बारीक वर्गवारी कुणाच्याच हातून टिकत नाही. कॉपी झाल्यावर मूळ आणि प्रत यांतली फाइल्सची संख्या जुळवून बघा आणि अधूनमधून फोटो उघडून पाहा. मोठा व्हिडिओ तर शेवटपर्यंत पळवून बघा, अर्धवट कॉपी झालेला व्हिडिओ सुरुवातीला चांगलाच दिसतो.

दुसरी डिस्क घरात ठेवू नका, भावाकडे द्या. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागा आणि एक घराबाहेर, असा नियम पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केला, आणि आमच्या धंद्यात तो आजही मोडीत निघालेला नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला काय झालं ते आठवा. पाणी शिरलं तेव्हा लग्नाचे अल्बम, सीडी आणि हार्डडिस्क एकाच कपाटाच्या खालच्या खणात होत्या, असं कितीतरी घरांत झालं. तिथे ज्यांचे फोटो क्लाउडवर होते त्यांचे वाचले, हेही तेवढंच खरं. कोकणात राहत असाल तर डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईला म्हणा, दोन्ही डिस्क लावून चालतात का बघा आणि नवे फोटो भरा.

म्हणून भावाचं म्हणणंही मी खोडून काढत नाही. परवडत असेल तर शंभर जीबीचे पैसे जरूर भरा. घरच्या प्रती तयार झाल्यावर भरलेले ते पैसे सोयीचे असतात. कुठूनही फोटो शोधता येतो, फोन हरवला तरी कालपर्यंतचे फोटो शाबूत राहतात. घरात प्रत नसताना मात्र तेच पैसे नाइलाजाचे होतात. एखाद्या वर्षी भरायचे राहिले, जागा मर्यादेच्या वर गेली, की आधी मेल येणं थांबतं, आणि दोन वर्षं तसंच राहिलं तर साठवलेलं हटवण्याचा अधिकार कंपनीने अटींत राखून ठेवला आहे. घरातच सर्व्हर मांडून इमिचसारखी फोटो साठवायची मुक्त (ओपन सोर्स) प्रणाली चालवायचा सल्लाही तुम्हाला कुणी देईल. मला स्वतःला ती फार आवडते. पण तिची देखभाल करणारा माणूस घरात हवा, आणि तो परगावी नोकरीला गेला की ती बंद पडते. तुमच्यासाठी दोन डिस्क आणि एक क्लाउड एवढं पुष्कळ आहे.

अलीकडच्या लाटेबद्दलही सांगायलाच हवं, कारण वडिलांचे फोटो आहेत म्हणून तुम्हीही तो मोह धराल. जुना धूसर फोटो एआयला देऊन स्पष्ट आणि रंगीत करून घ्यायचा. सप्टेंबर २०२५ मध्ये जेमिनी या गुगलच्या एआयवर साडीतले फोटो बनवण्याची लाट आली आणि तेव्हापासून हे घराघरांत पोचलं. अशी ॲप्स फोटोत नसलेली माहिती शोधून आणत नाहीत, अंदाजाने नवी भरतात. डोळ्यांखालची सुरकुती जाते, दातांची ठेवण बदलते, गालावरचा तीळ कधी राहतो, कधी नाही. पाहणारा म्हणतो छान आहे, पण मुलीला पहिल्या नजरेत कळतं की हे बाबा नाहीत. हौस म्हणून जरूर करा. मात्र मूळ फाइलवर सेव्ह करू नका, नव्या फाइलला वेगळं नाव द्या आणि ती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. दहा वर्षांनी तुमची मुलगी तो अल्बम उघडेल, तेव्हा आजोबा खरे कोणत्या फोटोत आहेत हे तिला फोल्डरवरून कळायला हवं.

आज संध्याकाळी वडिलांचा फोन चार्जिंगला लावा. तो चालू झाला आणि पॅटर्न आठवला नाही तर अंदाजाने पुन्हा पुन्हा टाकत बसू नका. आधी आईला, भावाला, नातवंडांना विचारा. आजोबांच्या फोनवर गेम खेळणाऱ्या मुलांना तो हमखास माहीत असतो.